बेताच्या बजेटमध्ये हलका लॅपटॉप: ऑफिसातून निवृत्त झालेला १२.५ इंची, काही महिन्यांच्या वापरानंतर

वजन सव्वा किलोच्या आत, छोट्या सॅकमध्ये मावेल असा आकार आणि बजेट बेताचं. या तिन्ही अटी एकदम घातल्या की नव्या लॅपटॉपमध्ये निवडीला फारसं काही उरत नाही. हलके असतात ते महाग, स्वस्त असतात ते बहुतेक १५.६ इंची आणि पावणेदोन किलोच्या आसपासचे. जे हलकेही आहेत आणि स्वस्तही, त्यांत कुठे ना कुठे कात्री लावलेली असतेच. म्हणून मी वापरलेला लॅपटॉप घेतला. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना देतात आणि तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात त्यांपैकी: १२.५ इंची स्क्रीन, इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान चिप), वजन सव्वा किलोला जरा कमी. लिखाण, ब्राउझर, स्प्रेडशीट, व्हिडिओ कॉल आणि भरपूर प्रवास असा माझा वापर आहे.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. अशा मालात हवं तेच मॉडेल हव्या त्या अवस्थेत मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे वर्ग ओळखता आला की पुरे. लेनोवोची थिंकपॅड एक्स मालिका, डेलची लॅटिट्यूड ७००० मालिका, एचपीची एलिटबुक ८०० मालिका, हा तो वर्ग. यांत १२.५ ते १४ इंचांपर्यंतचे लॅपटॉप सापडतात आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत स्क्रीनपासून बॅटरीपर्यंत सगळं वेगळं असू शकतं. जाहिरातीतलं मॉडेलचं नाव वाचून हुरळून जाऊ नका, त्या विशिष्ट नगाचे तपशील मागा.

निवडताना मी एकच कसोटी लावली: जे नंतर सहज बदलता येत नाही त्यालाच पैसे मोजायचे. बॅटरी बदलता येते, एसएसडी बदलता येते, रॅमचा स्लॉट असेल तर रॅमही वाढवता येते. स्क्रीनचा दर्जा, कीबोर्ड, प्रोसेसर, पोर्ट आणि वजन हे मात्र जन्माचं. स्वस्त नव्या छोट्या लॅपटॉपमध्ये नेमकं उलटं होतं. डबा नवा, वॉरंटी नवी, पण रॅम ४ जीबी आणि तीही बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली. साठवणीला ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी, म्हणजे फोनसारखी स्वस्त साठवण चिप, तीही बोर्डावरच. ईएमएमसीचा वेग चांगल्यात चांगला सेकंदाला ३०० ते ४०० एमबीपर्यंत जातो, तर साध्याशा एनव्हीएमई (वेगवान जोडणीच्या) एसएसडीचा हजारांत असतो. त्यात विंडोजचा एखादा मोठा अपडेट आला की ६४ जीबीमध्ये जागा करता करता नाकी नऊ येतात.

प्रोसेसरला मात्र उगाच नावं ठेवणार नाही. २०२३च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आणि ६ वॅटचा प्रोसेसर रोजच्या साध्या कामात माझ्या जुन्या आय५च्या फार मागे नाही. एन१०० बरोबर १६ जीबी रॅम, खरी एसएसडी आणि बरी आयपीएस (कुठल्याही कोनातून रंग नीट दाखवणारी) स्क्रीन देणारा हलका लॅपटॉप बजेटमध्ये बसत असेल तर तो नवाच घ्या, माझं काही म्हणणं नाही. मला तसा सापडला नाही. जे सापडले त्यांची स्क्रीन टीएन या स्वस्त प्रकारची होती. मान जरा हलवली की रंग पालटणारी.

आठव्या पिढीवर अडून बसण्याला दोन कारणं होती. सातव्या पिढीचा आय५-७२००यू दोन कोरचा होता. आठव्या पिढीत त्याच १५ वॅटमध्ये चार कोर आले, आणि हा फरक आजही कामात जाणवतो. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप सध्या मातीमोल भावात निघतात ते यामुळेच. लिनक्स वापरायची तयारी असेल तर मात्र तिथे खरोखर मजेशीर सौदे आहेत.

रॅमच्या बाबतीत एक खाचखळगा. थिंकपॅड एक्स२७० मध्ये रॅमचा स्लॉट आहे, पण प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा. त्याच्या पुढचा एक्स२८० आठव्या पिढीचा आणि जास्त सडपातळ, पण रॅम सोल्डर केलेली. म्हणजे एक्स२८० घ्यायचा तर ८ जीबीवाला स्वस्त दिसतो म्हणून उचलायचा नाही, १६ जीबीवालाच शोधायचा. लॅटिट्यूड ७२९० मध्ये एक स्लॉट असतो, एलिटबुक ८३० जी५ मध्ये दोन. माझ्याकडच्यात एक आहे. त्यात मी लगेचच १६ जीबीची पट्टी टाकली, आणि आतापर्यंत या लॅपटॉपवर केलेल्या खर्चात तो खर्च सगळ्यात सार्थकी लागला. ८ जीबीवर व्हिडिओ कॉल चालू असताना वीसेक टॅब उघडे ठेवले की दुसऱ्या खिडकीवर जाताना लॅपटॉप अडखळायचा. ते पूर्ण थांबलं.

हातात आल्यावर सगळ्यात आधी मी तो रीसेट करून इंटरनेटला जोडला. हे विकणाऱ्याच्या समोर किंवा परतीची मुदत असतानाच करा. कंपनीने आपल्या यादीतून तो लॅपटॉप काढला नसेल तर रीसेटनंतर सेटअपच्या पडद्यावर त्या कंपनीचं लॉगिन येऊन बसतं, आणि त्यातून सुटका फक्त ती कंपनीच करू शकते. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड आहे का तेही तेव्हाच बघायचं, कारण या वर्गातल्या लॅपटॉपचा बायोस पासवर्ड आतला सेल काढून जात नाही. मग पूर्ण पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग शोधायचे, एकेक की दाबून पाहायची, प्रत्येक यूएसबी-सी पोर्टात चार्जर घालून चार्जिंग होतंय का बघायचं. हे पोर्ट बोर्डाला जोडलेलं असतं, ते सैल असेल तर दुरुस्ती परवडत नाही.

बॅटरीबद्दल विक्रेत्याने ‘उत्तम’ एवढंच लिहिलं होतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजी या आदेशाने बॅटरी रिपोर्ट काढला, तर मूळ क्षमता ४२ वॉट-अवर आणि आता पूर्ण चार्ज होते ती २९. सत्तर टक्क्यांच्या खाली. याला उत्तम म्हणायचं असेल तर म्हणा. मला त्याचा धक्का बसला नाही, कारण बॅटरीचा खर्च मी आधीच किमतीत धरला होता. जुना लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाने तो धरावाच. बॅटरी बरी निघाली तर पैसे वाचले म्हणायचे.

पहिले काही आठवडे जुन्या बॅटरीवरच काढले. लिहिताना आणि वाचताना, ब्राइटनेस मध्यम ठेवून, लॅपटॉप साडेसहा वॅटच्या आसपास वीज घेतो. २९ भागिले साडेसहा, म्हणजे साडेचार तास. व्हिडिओ कॉलवर हाच आकडा दुपटीच्या वर जातो आणि दोन तासांतच चार्जर शोधावा लागतो. नवी बॅटरी टाकल्यावर लिखाणाचे साडेसहा तास मिळतात. या वर्गातल्या काही लॅपटॉपना ६० वॉट-अवरची मोठी बॅटरीही येते. वजन थोडं वाढतं, पण प्रवास जास्त असेल तर तीच शोधा.

बॅटरी बदलणं घरच्या घरी होतं. खालच्या झाकणाचे स्क्रू सैल केले तरी झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत, ही या वर्गाची खास सोय. मग बिजागरीच्या बाजूने प्लॅस्टिकचं जुनं कार्ड फटीत सरकवत न्यायचं. टक् टक् करत एकेक क्लिप सुटते. पहिला आवाज ऐकून काहीतरी तुटलं असं वाटतं, पण तुटत काही नाही. आधी बॅटरीची वायर काढायची, मग बाकी सगळं. उघडलंच होतं म्हणून पंखाही पाहिला, तर पात्यांच्या आणि गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पन्हळीच्या मध्ये धुळीचा चक्क पापुद्रा जमला होता. चिमट्याने तो अखंड निघाला. त्यानंतर पंख्याचा आवाज इतका कमी झाला की पंखा चालू आहे ना म्हणून कान लावून पाहिलं.

वजनाच्या गोष्टी करताना लोक चार्जर विसरतात. बरोबर आलेला चार्जर, त्याची विटेसारखी पेटी आणि जाड वायर मिळून पावशेराच्या वर भरत होता. तो आता घरी टेबलामागे कायमचा बसवलाय. बाहेर ४५ वॅटचा छोटा यूएसबी-सी चार्जर नेते, त्यावरच फोनही चार्ज होतो. पण फोनचा कुठलाही फास्ट चार्जर चालेल असं समजू नका. लॅपटॉपला साधारण २० व्होल्ट लागतात, आणि फोनचे अनेक चार्जर ९ किंवा १२ व्होल्टच्या पुढे जात नाहीत, अशांना बहुतेक लॅपटॉप दादच देत नाहीत. चार्जरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या, त्यात २० व्होल्टची ओळ दिसली पाहिजे.

स्क्रीनबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त तडजोड इथेच आहे. माझी १९२० × १०८०ची आयपीएस आहे. याच मॉडेलमध्ये १३६६ × ७६८चीही येते आणि ती थोडी स्वस्त मिळते. ती घेऊ नका. देवनागरी वाचणाऱ्यांनी तर नाहीच. १२.५ इंचांत १०८० म्हणजे इंचाला १७६ पिक्सेल, ७६८ म्हणजे १२५. कमी पिक्सेलवर ‘द्ध’ आणि ‘द्व’ एकमेकांत मिसळतात, अनुस्वार आणि रफार ओळखताना डोळे बारीक करावे लागतात. मी स्केलिंग (अक्षरं मोठी दाखवण्याचं सेटिंग) १५० टक्के ठेवलंय, अक्षरं छापल्यासारखी दिसतात. त्याची किंमत म्हणजे पडद्यावर मजकूर कमी मावतो, आणि १६:९ प्रमाणामुळे उंची आधीच तोकडी. दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून काम करणं जिवावर येतं. लांबलचक स्प्रेडशीट असेल तेव्हा घरी मोठा मॉनिटर जोडते. ब्राइटनेस खोलीत पुरतो, खिडकीपाशी कसाबसा, उन्हात अजिबात नाही.

कीबोर्डसाठी मात्र हा लॅपटॉप पुन्हा घेईन. कळा पूर्ण आकाराच्या आहेत, खोल दाबल्या जातात, आणि टाइप करताना मधला भाग खाली लचकत नाही. दिवसभर लिहिणाऱ्याला प्रोसेसरच्या पिढीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. टॅबलेट आणि त्याला जोडायचा कीबोर्ड हा पर्यायही वापरून पाहिला होता. दोन्ही मिळून वजन किलोभर होतंच, वर मांडीवर ठेवलं की सगळं डुलतं.

काही सवयी बदलाव्या लागल्या. झाकण मिटून सॅकमध्ये टाकला की स्लीपमध्येही बॅटरी उतरायची, कधी बाहेर काढताना तो कोमट लागायचा. झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावा, म्हणजे चालू काम एसएसडीवर साठवून बंद व्हावा, असं सेटिंग केलं. उघडल्यावर थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅटरी जागची हलत नाही. दुसरी गोष्ट यूट्यूबची. आठव्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये व्हीपी९ आणि एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती) उलगडण्याची सोय आहे, पण एव्ही१ची नाही. ती इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आली. एव्ही१मधला व्हिडिओ लागला की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घरघरायला लागतो. ब्राउझरमध्ये एक छोटं एक्स्टेन्शन टाकून एव्ही१ बंद केलं की प्रश्न मिटतो. गंमत म्हणजे ज्याला सगळे नाकं मुरडतात त्या एन१००ला हे मुळातच जमतं.

स्पीकर नावापुरते आहेत. कॅमेरा ७२०पीचा, संध्याकाळच्या उजेडात चेहरा दाणेदार दिसतो. रोज कॅमेऱ्यासमोर बसून शिकवणाऱ्यांनी किंवा मुलाखती घेणाऱ्यांनी वेगळ्या वेबकॅमचे पैसे बाजूला ठेवावेत, आणि तो वेबकॅमही वजनात धरावा. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम किंवा थ्रीडी करणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. रॅमची एकच पट्टी असल्यामुळे ग्राफिक्सला मेमरीचा एकच रस्ता मिळतो, आणि इतक्या पातळ अंगात जोराचं काम फार वेळ चाललं की प्रोसेसर गरम होऊन स्वतःच वेग उतरवतो. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कन्व्हर्ट करायला लावलं तर पहिली काही मिनिटं झपाट्याने जातात, मग गती मंदावते आणि लॅपटॉपचा तळ मांडीवर ठेवण्याइतका थंड राहत नाही. असं काम मी आता रात्री टेबलावर, मागची बाजू थोडी उचलून, लावून देते.