सरकारी योजनेचं नाव सांगून दूध संस्थेला घातलेला गंडा

गावात शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना खरी आहे. केंद्राने २०२२ मध्ये ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी मंजूर केले. पण याच योजनेचं नाव घेऊन आमच्या गावच्या दूध संस्थेला लुबाडलं, म्हणून हे लिहितोय.

दोघे जण आले. गळ्यात ओळखपत्र, फायलीत योजनेचं छापील परिपत्रक. ‘आता दूध संस्थांचा नंबर. नोंदणी फी तेवढी भरा, सॉफ्टवेअर कायमचं.’ संचालक मंडळाने ठराव केला, अठरा हजार यूपीआयने गेले. त्यांनी फॅट मशीन आणि वजनकाटा कॉम्प्युटरला जोडूनही दिला. किटली काट्यावर ठेवली की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर सगळं समोर. सभासदाच्या मोबाईलवर लगेच मेसेज. आपल्या दुधाची फॅट किती लागली हे बायाबापड्यांना डोळ्यांनी दिसायला लागलं होतं. त्यांचा हा विश्वास मोडला, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

दहा दिवसांच्या बिलाच्या आदल्या संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडेना. ‘मुदत संपली.’ फोन लावला तर आणखी वीस हजार मागितले, नाहीतर सगळा हिशोब पुसला जाईल म्हणाले. दुधाच्या बिलावर पेंडीची उधारी आणि पोरांची फी भागवणारी घरं आहेत ही! नशिबाने आमच्या सचिवांनी दूध कार्डावर पेनने नोंद करणं सोडलं नव्हतं. त्या कार्डांवरून रात्रभर बसून बिलं काढली.

नंतर चौकशी केली. कायमचं म्हणून दिलेलं सॉफ्टवेअर ही चाचणीपुरती प्रत होती. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर परजिल्ह्यातलं कापडाचं दुकान निघालं. पैसे गेले ते खातं कंपनीचं नव्हतं, एका माणसाचं होतं. आणि मूळ योजना विकास सोसायट्यांची. तिचा खर्च केंद्र, राज्य आणि नाबार्डने उचललाय. दूध संस्थेकडून फी घ्यायचा प्रश्नच येत नाही.

असं कुणी तुमच्या संस्थेत आलं तर ठराव करण्याआधी सहायक निबंधक (दुग्ध) कार्यालयात विचारा. जीएसटी नंबर तिथल्या तिथे तपासा. सॉफ्टवेअर कुणाचंही घ्या, पण रोजच्या संकलनाची प्रत संस्थेच्या पेनड्राइव्हवर निघते का, हे समोर करून दाखवायला लावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. आम्ही तक्रार दिली तोवर ते खातं रिकामं झालं होतं.