एकसष्टाव्या वर्षी रोड बाइक: दसरा ते ज्येष्ठ, जळगावातला अनुभव

माझी उंची 155 सेंटिमीटर, वजन 58 किलो, वय 61. हे आधी सांगून टाकते, कारण सायकलीबद्दलचे बहुतेक अनुभव पावणेसहा फुटी तरुणांनी लिहिलेले असतात आणि आपल्या मापाच्या बाईला त्यांतून फारसं काही हाती लागत नाही. मी गणिताची शिक्षिका होते. तीस वर्षं शाळेत लेडीज सायकलीवरच गेले. निवृत्तीनंतर दसऱ्याला ही रोड बाइक घेतली. आता ज्येष्ठ सरत आलाय. म्हणजे हिवाळा, खान्देशचा पुरा उन्हाळा आणि पावसाच्या पहिल्या सरी एवढं सगळं या सायकलीने पाहिलंय.

सायकल ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, गिअर शिमानो टियाग्रा, पुढे दोन आणि मागे दहा चकत्या, ब्रेक हायड्रॉलिक डिस्क. प्रकार एंड्युरन्स, म्हणजे हँडल शर्यतीच्या सायकलीपेक्षा जरा उंच आणि जवळ. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत चार-पाच कंपन्यांच्या सायकली जवळपास अशाच मिळतात आणि माझ्या मते फरक कंपनीने पडत नाही, मापाने पडतो. किंमत लाखाच्या बरीच पुढे गेली. त्यावरून घरात बोलणं झालं, पण मुलगा म्हणाला, "आई, तू स्वतःसाठी कधी काही घेतलंय?" मग विषय मिटला.

दुकानात फक्त उंची विचारून एक्स्ट्रा स्मॉल फ्रेम हातात दिली. फ्रेम बरोबरच निघाली, पण सीट, हँडल, टायरची हवा हे सगळं जसं खोक्यातून आलं तसंच होतं. पहिल्या आठवड्यात मान भरून यायची आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या यायच्या. पुष्कळ लोक इथेच सायकल विकायला काढतात, वय झालं म्हणतात. वयाचा संबंध थोडा असतो, नाही असं नाही. पण ती सायकल अजून आपल्या मापाची झालेली नसते.

माझं नशीब असं की गावात सायकलदुरुस्ती करणारा मुलगा माझाच विद्यार्थी. भूमितीत तो कच्चा होता, पण हात सोन्याचा. आम्ही दोघांनी मिळून ही सायकल बसवली.

सुरुवात सीटच्या उंचीपासून. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांमध्ये एक जाड वही घट्ट वर दाबून धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप 72 सेंटिमीटर आलं. त्याला 0.883 ने गुणायचं. हे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा शिष्य ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झालं. उत्तर 63.6. पॅडलचा दांडा जिथे फिरतो त्या मध्यबिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत एवढं अंतर. दुकानातून आली तेव्हा सीट याहून चार सेंटिमीटर खाली होती.

"बाई, एवढी वर घेतली तर थांबताना पाय टेकणार नाहीत तुमचे," तो म्हणाला.

सीटवर बसून पाय टेकायचेच नसतात. थांबताना पुढे सरकून सीटवरून उतरायचं आणि एक पाय जमिनीवर ठेवायचा. लेडीज सायकलीवर आयुष्य गेलेल्या बाईला ही सवय लागायला वेळ लागतो. मी मेहरूण तलावाच्या रस्त्यावर पहाटे फक्त चढणं-उतरणं घोटलं. पण सीट वर गेली आणि गुडघ्याची पुढची दुखणी थांबली. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो आणि फार वर गेली की मागची शीर ओढते, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. सूत्राचं उत्तर ही सुरुवात धरायची. पुढे दोन-तीन मिलिमीटरने वरखाली करून चार-सहा दिवस चालवून पाहायचं. माझी सीट शेवटी 63.2 वर स्थिरावली. खुणेसाठी नळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवलाय.

हँडल 40 सेंटिमीटर रुंद आलं होतं, माझे खांदे त्याहून अरुंद. ते 38 चं केलं. हँडलला जोडणारा स्टेम 80 मिलिमीटरचा होता, तो 60 चा लावला. वीस मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराएवढं अंतर, पण मान त्याच दिवशी मोकळी झाली. ब्रेकच्या लिव्हर माझ्या बोटांना लांब पडायच्या. बाजारात बसवतात ते मोठ्या हाताच्या पुरुषाच्या हिशेबाने. लिव्हरमध्येच एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येते. हे दुकानात कोणी सांगत नाही. बायकांनी आणि लहान हातांच्या सगळ्यांनी हे पहिल्या दिवशी करून घ्यावं, कारण ब्रेक धरायला बोटं ताणावी लागत असतील तर उतारावर भीती जाणारच नाही. आता दोन बोटांनी ब्रेक लागतो आणि बोटांच्या मुंग्याही गेल्या.

सीट बदलावीच लागली. मूळची अरुंद होती. पुठ्ठ्याच्या खोक्याचा नालीदार तुकडा स्टुलावर ठेवून त्यावर जरा पुढे वाकून बसायचं. बैठकीच्या दोन हाडांचे खड्डे पुठ्ठ्यावर उमटतात. दोन्हींच्या मध्यांतलं अंतर मोजून त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवायचे, तेवढी सीटची रुंदी. बायकांचं हे अंतर बहुधा पुरुषांपेक्षा जास्त असतं. मी मधे खाच असलेली, रुंद आणि कडक सीट घेतली. मऊ जेलचं कव्हर घेऊ नका असं मी मैत्रिणींना कळकळीने सांगते. त्यात हाडं रुततात आणि नको तिथे दाब येतो. मऊपणा पॅड असलेल्या चड्डीत असावा, सीटमध्ये नको. वरून मी सैलसर ट्रॅकपँट घालते आणि उजवा पायचा इलॅस्टिकच्या पट्टीने बांधते.

आता गिअर, माझा आवडता भाग. माझ्या जुन्या सायकलीला पुढे 44 दात, मागे 18. पॅडलचा एक फेरा मारला की सायकल पाच मीटर जायची, चढ असो की उतार. नव्या सायकलीला पुढे 50 आणि 34, मागे 11 पासून 34. सगळ्यात हलक्या गिअरला 34 भागिले 34 म्हणजे एक, चाकाचा घेर 2.1 मीटर, तेव्हा एका फेऱ्याला 2.1 मीटर. सगळ्यात जड गिअरला साडेनऊ मीटर. मिनिटाला सत्तर फेरे धरले तर हलक्या गिअरवर ताशी साधारण नऊ किलोमीटरने चढ चढता येतो, आणि पाय फिरत राहतात, गुडघ्यावर झोंबाझोंबी होत नाही. आमच्या वयात हाच गिअर सगळ्यात मोलाचा. घेताना बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, मागची सगळ्यात मोठी चकती पुढच्या लहान चकतीएवढी किंवा तिच्याहून मोठी आहे ना, एवढं मोजून घ्या.

पद्मालय, म्हणजे एरंडोलजवळचं डोंगरातलं गणपतीचं देवस्थान. तिथल्या शेवटच्या चढावर याची खरी परीक्षा होते. म्हसावदकडून जाताना रस्ता शेवटी डोंगरात वळतो. तिथे 34-34 टाकला आणि बसल्या बसल्या वर पोहोचले. तळ्यात कमळं होती, देवळात मोजकेच लोक. खाली एरंडोलच्या बाजूला उतरताना डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या एका आजीबाईंनी हाक मारली, "कथा चालनी वं माय?" कुठे चाललीस, असं त्या अहिराणीत विचारत होत्या. जळगावला म्हटल्यावर त्यांनी भारा उतरवला आणि सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

नव्या सायकलीचे गिअर पहिल्या काही आठवड्यांत किरकिर करतात. केबलची आवरणं बसतात आणि ताण कमी होतो, बिघाड काही नसतो. मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागापाशी, केबल जिथे आत शिरते तिथे एक गोल नॉब असतो. मोठ्या चकतीवर जायला साखळी कुरकुरली तर तो पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. एवढ्यासाठी दुकान गाठायची गरज नाही.

हवेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. दुकानाने टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा ठासली होती. 28 मिलिमीटरचा टायर, माझ्यासारखं वजन, आणि आपले रस्ते. एवढ्या दाबाने प्रत्येक खडा खांद्यापर्यंत पोहोचतो आणि सायकल उडत राहते, वेगही वाढत नाही. मी पुढे 60 आणि मागे 65 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. उन्हाळ्यात आणखी एक हिशेब आहे. टायरमधली हवा 25 अंशांवरून 45 अंशांवर गेली तर 60 चा दाब 65 च्या आसपास जातो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात हे 45 अंश काही नवलाचे नाहीत. म्हणून सायकल उन्हात कधीच उभी करत नाही आणि हवा पहाटे, गार टायरमध्येच मोजते.

या टायरचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो. आपल्या पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो मी किल्लीच्या जुडग्यात लावलाय आणि गावातल्या दोन पंक्चरवाल्यांना एकेक देऊन ठेवलाय.

काटे हा खान्देशातल्या सायकलवाल्याचा कायमचा विषय. बाभूळ आणि सराटे. पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलून भागत नाही, काट्याचं टोक टायरमध्येच राहिलं तर पुढच्या किलोमीटरला पुन्हा तेच. बोटाने चाचपलं तर बोटाला टोचतं आणि बारीक टोक लागतही नाही. माझ्या विद्यार्थ्याने एक युक्ती दाखवली. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवायचा, टोक असेल तिथे तंतू अडकतात. हिवाळ्यात कापूस बरोबर नेण्याचीही गरज पडत नाही. कापसाने भरलेली वाहनं जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले असतात. धरणगावच्या रस्त्यावर असंच एक पुंजकं ओढून घेतलं, टायरमधून फिरवलं, दुसऱ्याच वितीला ते अडकलं. नखाने उलटं दाबून काटा काढला, जेमतेम दोन मिलिमीटरचा. काटाही बाभळीचाच आणि कापूसही तिनेच धरून ठेवलेला.

साखळीचं म्हणाल तर इथल्या काळ्या मातीने तिची लवकर वाट लागते. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो, वाळला की पिठासारखा उडतो आणि तेलात कालवला जाऊन दात झिजवतो. फडक्याने साखळी कोरडी पुसायची, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब, पॅडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल परत पुसून टाकायचं. तेल डिस्कवर उडू द्यायचं नाही, नाहीतर ब्रेक ओरडायला लागतो.

तक्रारीही आहेत. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. पावसात पाठीवर चिखलाची रेघ उठते. सुटे भाग नाशिक-पुण्याहून मागवावे लागतात. आणि लहान फ्रेमला मोठी 700 ची चाकं असल्यामुळे अगदी हळू वळताना पावलाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. वेगात हँडल एवढं वळतच नाही, त्यामुळे धोका फक्त अंगणात किंवा गर्दीत वळवताना. आतल्या बाजूचं पॅडल वर ठेवून वळवलं की प्रश्न येत नाही. बुटक्या माणसाने हे घेण्याआधीच तपासावं.

प्रकृतीचं एक सांगायला हवं. सायकलिंगने हाडांवर भार पडत नाही. गुडघ्यांना त्याचा फायदा, पण पाळी थांबलेल्या बायकांच्या हाडांना चालणं आणि वजन उचलणं वेगळं लागतंच. मी आठवड्यात काही दिवस सायकल आणि बाकीचे दिवस चालणं व डंबेल असं ठेवलंय. उन्हाळ्यात पाचच्या आत निघायचं, नऊच्या आत घरी. दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू.

आनंदाचं किती सांगू! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी धरणगावला सायकलीवर गेले, तीसेक किलोमीटर. बांभोरीच्या पुलावर गिरणेचं पात्र कोरडं पांढरं पसरलेलं, पुढे विद्यापीठाकडचा चढ, पाळधीपासून समोरून पश्चिमेचा वारा. या वाऱ्यात हँडलच्या खालच्या वळणावर हात नेला की छाती खाली जाते आणि वारा डोक्यावरून निघून जातो. रोड बाइकचं हँडल वाकडं का असतं ते मला त्या सकाळी कळलं. भावजय ओट्यावर उभी होती. तिने आधी सायकलीला कुंकू लावलं, मग मला. दुपारी झोका, गाणी, पुरणपोळी, आणि दुसऱ्या दिवशी परतताना तोच वारा पाठीशी. 50 चा मोठा गिअर पहिल्यांदा मनमुराद वापरला.

हिवाळ्यात विदगावच्या तापी पुलापलीकडची केळीची शेतं हा माझा लाडका रस्ता आहे. पहाटे तिथे अंगाला गारवा लागतो, पाटाच्या पाण्याचा आणि ओल्या मातीचा वास येतो, आणि सायकलीचा आवाज जवळजवळ नसतोच, फक्त टायरची सळसळ. पॅडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येते.

पावसाळा सरला की तोरणमाळ करायचं ठरलंय, शहाद्याच्या बाजूने. उंची 1,100 मीटरच्या वर आणि सातपायरीचा घाट, पद्मालयापेक्षा कितीतरी लांब चढ. माझ्या डिरेलरला 34 च्या पुढची चकती कंपनीच्या मापात बसत नाही, म्हणून पुढची लहान चकती याहून लहान बसवता येते का ते माझा विद्यार्थी शोधतोय. त्याआधी 32 मिलिमीटरचे टायर लावून पाहणार आहे. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे, पुढे-मागे बोटाने मोजून झालंय. दाब पुढे 48, मागे 52 ने सुरू करेन. यजमान गाडीने मागून येणार म्हणतात, पण घाट पूर्ण मीच चढणार आहे.