टेंभीपाड्यातलं झेरॉक्सचं दुकान: बारावीनंतरचे फॉर्म भरायचे असतील तर

भांडुपला टेंभीपाड्यात उतारावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. एक मशीन, एक काँप्युटर, पुढे फळीचं टेबल. मी चार घरी पोळ्या करते, मिस्टर एका सोसायटीत वॉचमन आहेत. आमची मुलगी २०२५ ला इंजिनीअरिंगला लागली. त्यात या दुकानाचा फार मोठा वाटा आहे, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

पहिल्यांदा गेलो ते २०२४ च्या जूनमध्ये. ती नुकतीच बारावीत गेली होती, आणि आम्हाला हव्या होत्या आधारच्या दोन झेरॉक्स, बस. दुकानवाल्या दादांनी तिला विचारलं, सायन्स का? कॅटेगरी कोणती? ती म्हणाली ओबीसी. तसे माझ्याकडे वळले, "ताई, व्हॅलिडिटी काढलीत का?" जातीचा दाखला घरी होता. पण जात पडताळणीचा कागद वेगळा असतो आणि इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला तो लागतोच, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मागे गिऱ्हाइकं उभी असताना दादांनी नीट समजावलं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. वडील, आजोबा, चुलत आजोबा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं कुणीही चालेल. शाळेचा दाखला असेल तर सगळ्यात चांगलं. म्हणाले, "गावाला कधी जाताय? निकाल लागल्यावर धावाधाव करून होत नाही हे काम."

मिस्टर दोन दिवसांची रजा टाकून पाटणला गेले. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. पानं इतकी जीर्ण की गुरुजी खाली पट्टी सरकवून एकेक पान उलटत होते. सासऱ्यांचं नाव सापडलं, १९५४ सालचं. जातीच्या रकान्यात निळ्या शाईत जात लिहिलेली. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण होतं, 'गुरे राखणे'. मिस्टर सांगत होते, ते वाचून पुढचं काही बोलायला सुचेना. त्याच नोंदीचा उतारा नातीच्या फाईलमध्ये पहिला लागला. व्हॅलिडिटी हातात यायला सहा महिने गेले.

त्याच वर्षी शेजारच्यांच्या मुलाचा फॉर्म दुसऱ्या एका दुकानात भरला होता. तिथे त्यांनी नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, जुनाच चढवला. त्याची मुदत ३१ मार्चला संपते हे बघितलंच नाही. पोरगं ओपनमध्ये गेलं. मार्क चांगले होते त्याचे, अजून वाईट वाटतं. आमचे दादा दाखल्यावरची तारीख आधी बोट ठेवून वाचतात आणि मगच स्कॅन करतात.

कॅप राउंडचा, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीचा, पसंतीक्रम भरायला तिच्यासोबत ते दोन संध्याकाळी बसले. कुठलं कॉलेज घे, असं एकदाही म्हणाले नाहीत. मागच्या वर्षीचे कटऑफ उघडून दिले आणि एकच विचारलं, रोज लोकलने किती वेळ जाईल? फीचंही तेव्हाच सांगून ठेवलं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की. "पण डेव्हलपमेंट फी माफ नाही ताई, तेवढे पैसे आतापासून बाजूला काढा." मी भिशीतून काढले.

ॲडमिशनच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, पूर्ण फी आधी भरा, सरकारकडून आले की परत देऊ. एक लाखाच्या वरचा आकडा. मंगळसूत्र गहाण ठेवायचं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. मुलीने दादांना फोन लावला. ते म्हणाले, फाईलच्या शेवटच्या कप्प्यात शासन निर्णयाची प्रिंट घालून ठेवलीय, ती दाखव. पोरीने हात थरथरत असताना ती काचेखालून आत सरकवली. क्लार्क आत जाऊन आले, अर्धा तास गेला, आणि डेव्हलपमेंट फी तेवढी घेतली. त्या प्रिंटचे दादांनी पैसेही लावले नव्हते.

शिष्यवृत्तीचा फॉर्मही इथेच भरला. पैसे आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी जोडलेल्या खात्यावरच येतात, नुसता बँकेत आधार देऊन भागत नाही. तिचं सीडिंग भलत्याच खात्याला निघालं, ते दादांनी फॉर्मच्या आधीच बघितलं म्हणून निभावलं.

दर म्हणाल तर फॉर्मचे दीडशे, स्कॅनचे पानाला पाच.

आता जे खटकलं तेही लिहिते. जुलै-ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पोरी गल्लीत उन्हापावसात उभ्या. सर्व्हर बंद म्हणून आम्हाला तीनदा परत यावं लागलं, एक फोन केला असता तर माझा अर्धा दिवस वाचला असता. पैशाची पावती देत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जात आणि उत्पन्न मोठ्याने विचारतात. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं. माझी मुलगी तेव्हा मान खाली घालून बोलत होती. दादा, हे वाचत असाल तर एक कागद पुढे करा, ज्याने त्याने लिहून द्यावं.

धाकटा आता अकरावीत आहे. मुलग्यांना पूर्ण माफी नाही, ओबीसीला निम्मीच. दादांनी आत्ताच सांगून ठेवलंय, पसंतीक्रमात कॉलेज-शाखेच्या ज्या कोडच्या शेवटी टी असतो त्या ट्यूशन फी माफीच्या जागा, त्या आधी बघायच्या. बहिणीची व्हॅलिडिटी असल्यामुळे त्याची लवकर होईल म्हणतात. येत्या रविवारी फाईल घेऊन जाणार आहे. रविवारी दुपारी दोनपर्यंत दुकान उघडं असतं, सकाळी नऊला गेलात तर गर्दी लागत नाही.