युनिडन बीसी१२५एटी: क्लोज कॉलसाठी घेतला, क्लोज कॉलसाठीच ठेवला

आपल्या आसपास कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलतंय एवढंच ज्यांना कळायला हवंय, त्यांनी साडेसहाशे डॉलरच्या पुढच्या डिजिटल स्कॅनरच्या (रेडिओवरचं बोलणं शोधून ऐकवणाऱ्या यंत्राच्या) वाटेला जाऊ नये. घेण्यापूर्वी मी जे जे वाचलं त्यात प्रत्येक जण फिरून फिरून एसडीएस१०० या महागड्या डिजिटल स्कॅनरवर येऊन थांबत होता. मला पोलिसांचं काही ऐकायचं नव्हतं, म्हणून माझे पैसे वाचले. मी घेतला बीसी१२५एटी, त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात. ५०० चॅनेल, त्यांच्या दहा बँका म्हणजे गट, दोन डबल-ए सेल, सगळं ॲनालॉग, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून थेट क्लोज कॉलबद्दलच, म्हणजे जवळचा सेट आपोआप पकडायच्या सोयीबद्दलच लिहिते.

निमित्त होतं आमच्या मंडळाचा गणपती. मी मंडळाची खजिनदार. न्यू जर्सीत एडिसनजवळ एका शाळेचं सभागृह आणि पार्किंग भाड्याने घेऊन आम्ही उत्सव करतो. पार्किंग, दार, स्वयंपाकघर आणि स्टेज अशा चार ठिकाणी साधे एफआरएस वॉकीटॉकी असतात, परवाना न लागणारे. दर वर्षी भर गर्दीत पार्किंगचे सेट मुके व्हायचे. दिवा लागायचा, पण आवाज यायचा नाही. आलाच तर तुटत तुटत. मग बैठकीत तेच ठरायचं: सेट हलके आहेत, पुढच्या वेळी चांगले भाड्याने आणू. या वेळी भाड्याचं दरपत्रक माझ्या हातात आलं आणि मी सही केली नाही. आधी बिघाड कुठे आहे ते कळू दे, मग खर्चाचं बोलू, असं सांगितलं.

स्कॅनरच्या साध्या सर्चने असला बिघाड सापडत नाही. सर्च एकेक पायरी चढत जातो. ४०० ते ५१२ मेगाहर्ट्झचा पट्टा १२.५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढायचा म्हटलं तर ८,९६० पायऱ्या होतात. "दोन गाड्या मागे पाठवतोय" एवढं बोलून माणूस बटण सोडतो, तोवर स्कॅनर भलतीकडेच असतो. क्लोज कॉल पायऱ्या चढत नाही. तो अख्खा पट्टा एकदम उघडतो, त्यात सगळ्यांत जोरदार लहर कोणती ते पाहतो आणि तिची फ्रीक्वेन्सी मोजून त्यावर जाऊन बसतो. कुठे शोधायचं हे आधी माहीत असावं लागत नाही. याच्या बदल्यात लांबचं, दुबळं काही त्याच्या हाती लागत नाही. जुन्या रेडिओशॅक स्कॅनरमधला सिग्नल स्टॉकर आणि व्हिसलरचा स्पेक्ट्रम स्वीपर हे याच जातीचे.

उत्सवाच्या दिवशी पार्किंगच्या कोपऱ्यात उभी राहिले. मोड 'क्लोज कॉल ओन्ली', पट्टा फक्त यूएचएफ, म्हणजे वर सांगितलेला ४०० ते ५१२चा. आमचा माणूस बोलला की पडद्यावर ४६२.७१२५ यायचं, म्हणजे एफआरएसचं सातवं चॅनेल. ते अपेक्षितच होतं. थोड्या वेळाने पुन्हा तोच आकडा आला, पण आवाज अनोळखी, इंग्रजीत, मुलांच्या सॉकरच्या सामन्याबद्दल. शाळेमागच्या मैदानावर स्पर्धा चालू होती आणि त्यांच्या स्वयंसेवकांकडेही तसलेच सेट होते. फ्रीक्वेन्सी एका चॅनेलवर साठवली आणि स्कॅनरला टोन, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा पण आपल्याला ऐकू न येणारा ठरावीक सूर, शोधायला सांगितलं. आमचा टोन ८८.५ हर्ट्झ, त्यांचा १००. सेटच्या पडद्यावर हेच कोड ८ आणि कोड १२ म्हणून दिसतात.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हा घोळ आपल्याकडच्या प्रत्येक कार्यक्रमात होतो. खोक्यावर 'प्रायव्हसी कोड' छापलेलं असतं आणि कोड वेगळा ठेवला की आपली वाट वेगळी झाली असं सगळे धरून चालतात. कोड फक्त आपला स्पीकर कधी उघडायचा ते ठरवतो. हवेत दोघेही एकाच फ्रीक्वेन्सीवर असतात. मैदानावरचा माणूस बोलत असला की त्याचा कोड आमचा नसल्याने आमचे सेट गप्प, दिवा मात्र चालू. नेमक्या त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरातून कोणी बोललं तर भिंतीआडून आलेली दुबळी लहर मोकळ्यावरच्या जोरदार लहरीखाली दबते, कारण एफएममध्ये जो वरचढ तोच ऐकू येतो. सेटमध्ये काडीचाही दोष नव्हता. "काका, सगळ्यांना चार नंबरवर यायला सांगा," असं पार्किंगच्या काकांना म्हटलं. चौथं चॅनेल म्हणजे ४६२.६३७५. विसर्जनाची मिरवणूक संपून लेझीम आवरेपर्यंत तक्रार आली नाही. भाड्याचे पैसे शिल्लक राहिले ते प्रसादाच्या जेवणात गेले.

पण हे वाचून लगेच मागवू नका. उत्सवाच्या आधीचे काही आठवडे मी हा परत करायच्या बेतात होते. घरात क्लोज कॉल लावला की थोड्या थोड्या वेळाने टिंग व्हायचं आणि १६२.५५० वर हवामान खात्याचा यांत्रिक आवाज सुरू व्हायचा. ते न्यूयॉर्कचं केडब्ल्यूओ३५ केंद्र, माझ्या घरापासून कित्येक मैल लांब. मग जवळचं पकडणारं यंत्र लांबचं का दाखवतंय? उत्तर साधं आहे: क्लोज कॉलला अंतर कळत नाही, जोर कळतो. उंच मनोऱ्यावरून दिवसरात्र बोलणारं केंद्र शेजारच्या भिंतीपलीकडच्या दोन वॉटच्या सेटवर मात करतं. रुग्णालयाजवळून जाताना तर पेजरची किरकिर एकामागून एक पकडली जाते. अमेरिकेत अजूनही रुग्णालयांत पेजर वापरतात.

तेव्हा माझं मत असं झालं होतं की ही सोय जाहिरातीपुरती आहे. ते मत आता राहिलेलं नाही. हवामानाची सातही चॅनेल, म्हणजे १६२.४०० ते १६२.५५०, आणि आपल्या भागातले पेजर एकदा कायमचे लॉकआउट केले, म्हणजे वगळले, की टिंगटिंग निम्म्याहून कमी होते. उरलेलं काम पट्ट्यांच्या निवडीने होतं. क्लोज कॉलचे पट्टे वेगवेगळे बंद करता येतात. कार्यक्रमातले वॉकीटॉकी शोधायचे तर यूएचएफ तेवढा चालू ठेवायचा. बांधकामावरचे किंवा दुकानांतले सेट १५१ ते १५४च्या आसपासही सापडतात, तेव्हा व्हीएचएफ हायसुद्धा लावायचा. सगळे पट्टे एकदम चालू ठेवून "हा चालत नाही" म्हणणाऱ्यांची मतं आता मी वाचत नाही.

आता अँटेना. याबद्दल कोणी नीट लिहीत नाही म्हणून मला पोटतिडकीने लिहायचंय. प्रत्येक जण सांगतो की सोबत आलेली रबरी अँटेना काढा आणि पंधरा इंची डायमंड आरएच७७सीए लावा. विमानं, रेल्वे, हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले) ऐकायला हा सल्ला अगदी बरोबर आहे. मी एका हॅम मित्राकडून ती मागून आणली तेव्हा विमानांचे आवाज खरोखरच उजळले. क्लोज कॉल मात्र त्याच दिवशी बिघडला. लांबची केंद्रं आणखी जोरात आत आली आणि समोरच्या माणसाचा सेट त्यांच्यात हरवला. परत रबरी अँटेना लावली, सुधारला. मग मित्राकडचीच बोटभर लांबीची आखूड अँटेना लावली, आणखी सुधारला. जवळचं शोधायचं असेल तर यंत्राला थोडं बहिरं करावं लागतं. अँटेनाचा जोड बीएनसी, म्हणजे जरासा फिरवून निघणारा असल्यामुळे अदलाबदल क्षणात होते. आखूड अँटेना दहा डॉलरच्या आत मिळते आणि या स्कॅनरवर मी केलेला सगळ्यांत सार्थकी लागलेला खर्च तोच आहे.

मोडबद्दलही सांगते. प्रायॉरिटीमध्ये ठेवला तर तो दर दोन सेकंदांनी ऐकणं थांबवून क्लोज कॉलची तपासणी करतो, त्यामुळे चालू असलेलं बोलणं सतत तुटतं. डू नॉट डिस्टर्बमध्ये चॅनेल शांत असतानाच तपासतो. रोजच्या वापराला हाच. खरंच काही शोधायचं असेल तर 'ओन्ली', बाकी सगळं बंद. टप्पा विचाराल तर दोन वॉटचा सेट मोकळ्या पार्किंगमध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढ्या अंतरावरून खात्रीने मिळतो. काँक्रीटच्या दोन भिंती मध्ये आल्या की पुढच्या खोलीतलाच मिळेल.

निवडताना मी आणखी काय पाहिलं ते थोडक्यात. युनिडनचाच बीसी७५एक्सएलटी स्वस्त आहे, त्यातही क्लोज कॉल आहे. पण ३०० चॅनेल आणि नावं लिहायची सोय नाही. चॅनेलपुढे नुसते आकडे बघून "हा स्वयंपाकघराचा की पार्किंगचा" हे मला आठवणार नाही, म्हणून वरचे पैसे दिले. युनिडनचा एसआर३०सी बराचसा बीसी१२५एटीच्याच तोडीचा. स्वस्त मिळाला तर घ्या. ज्यांना ऐकायचंच नाही, फक्त आकडा हवाय, त्यांच्यासाठी सुरेकॉमचा एसएफ४०१ प्लस हा छोटा फ्रीक्वेन्सी काउंटर आहे. टोनही दाखवतो आणि बराच स्वस्त. पण सेट त्याच्या अगदी पुढ्यात धरून बटण दाबावं लागतं. आपल्या सेटचा टोन जुळवायला छान, अनोळखी माणूस शोधायला निरुपयोगी.

पोलीस ऐकायचे असतील तर हा नकोच. न्यू जर्सीचं राज्यव्यापी जाळं ७०० मेगाहर्ट्झवर डिजिटल आहे आणि हा ५१२ला संपतो. एसडीएस१०० तिथे चालतो, पण कूटबद्ध केलेलं बोलणं कुठलाच स्कॅनर उलगडत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून बोलणं असं कूटबद्ध करायला सुरुवात केली. त्यात पैसे घालण्याआधी आपल्या गावात काय उघडं आहे ते बघा.

गणपतीनंतर तो कपाटात जाईल असं घरचे म्हणत होते. तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय रेल्वेला. मेटुचेनच्या फलाटावर १६०.९२० लावला की नॉर्थईस्ट कॉरिडॉर या मुख्य रेल्वेमार्गाचं नियंत्रण आणि गाड्यांचं बोलणं ऐकू येतं. गाडी कुठल्या मार्गावर घेणार हे फलाटावरच्या घोषणेआधी कळतं. मालगाड्यांसाठी ४५७.९३७५ साठवून ठेवा. गाडीच्या शेवटच्या डब्यावर बसवलेलं यंत्र या फ्रीक्वेन्सीवर ब्रेकच्या हवेचा दाब पुढच्या इंजिनाला कळवतं. ऐकायला नुसती टुर्रर्र अशी चुटकी, पण बाउंड ब्रुकला ती आली की मुलगा कुंपणाकडे धावतो आणि खरोखर मालगाडी येते. हे क्लोज कॉलचं काम नाही, चुटकी फार छोटी असते. साधं चॅनेल म्हणूनच ठेवायचं. विमानांसाठी मात्र क्लोज कॉल पुन्हा कामी आला. सोलबर्गच्या छोट्या विमानतळाच्या कडेला उभी असताना डोक्यावरून उतरणाऱ्या विमानाची फ्रीक्वेन्सी काहीही न शोधता पडद्यावर आली.

सेलचा खर्च जवळजवळ नाही. दोन चांगले एनआयएमएच (पुन्हा चार्ज होणारे) सेल घाला, पण सेलच्या कप्प्यातली छोटी कळ एनआयएमएचकडे केल्याशिवाय केबल लावू नका. ती कळ अल्कलाइनवर असताना चार्ज होत नाही. केबल जुन्या मिनी यूएसबीची लागते, फोनची चालत नाही. मी सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्येच भरते, लवकर होतात. आणि खोकं विक्रेत्यासमोर किंवा आल्या आल्या कॅमेऱ्यासमोर उघडा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने नवा म्हणून उघडलेलं खोकं पाठवलं, आत अँटेना नव्हती. फोटो होते म्हणून परत घेतला, तोही बऱ्याच ईमेलनंतर. दुसरा दुकानातून घेतला.

कायद्याचं. अमेरिकेत असं उघडं बोलणं ऐकायला सहसा आडकाठी नाही, पण राज्याराज्यांत गाडीतल्या वापराचे नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रीक्वेन्सी पकडणारा रेडिओ गाडीत बसवणं हा वाहतूक कायद्याच्या कलम ३९७खाली गुन्हा आहे. हॅम परवानाधारकांना सूट आहे. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून पूल ओलांडून न्यूयॉर्कला जायचं असलं की स्कॅनर घरी राहतो. ऐकलेलं दुसऱ्यांना सांगत सुटणं किंवा त्याचा फायदा उठवणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्यात पडू नका. सॉकरवाल्यांच्या बाबतीत मी त्यांच्या स्वयंसेवकांना जाऊन फक्त इतकं सांगितलं की आपण एकाच चॅनेलवर आहोत, आम्ही चारवर जातो.

पुण्याहून मावसभावाने विचारलंय, येताना एक घेऊन येशील का, ढोलपथकाच्या सेटसाठी हवाय. त्याला इथेच उत्तर देते, कारण हा प्रश्न आणखी काही जणांना पडेल. नाही आणणार. भारतात १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून रेडिओ यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागत आलाय आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही मंजुरीची अट आहे. तू हॅमची परीक्षा दे, परवाना काढ, मग बोलू. तोवर पथकाचे सेट शेजारच्या पथकाशी अडकत असतील तर कोड बदलत बसू नकोस, चॅनेल बदल.