डिकोडर टेस्टर: घ्यावा का, आणि कोणी

डिकोडर म्हणजे मॉडेल रेल्वेच्या इंजिनातला छोटा बोर्ड; कंट्रोलरने रुळांतून पाठवलेले हुकूम वाचून तो मोटर आणि दिवे चालवतो. तो तपासायचा हा टेस्टर. एकच इंजिन असेल तर घेऊ नका. इंजिनं डझनभर झाली असतील, किंवा माझ्यासारखी दुसऱ्यांची बंद पडलेली इंजिनं उघडून बसायची खोड असेल, तर मात्र पुढच्या इंजिनाआधी हा घ्या.

तळहातापेक्षा थोडा मोठा, उघडा सर्किट बोर्ड. कंट्रोलरच्या दोन तारांसाठी टर्मिनल, ६, ८ आणि २१ पिनांची सॉकेटं, दिव्यांच्या जागी एलईडी, छोटा स्पीकर आणि एक मोटर. थोडक्यात, चाकं आणि बॉडी वजा केलेलं इंजिन. डिकोडर इंजिनातून काढून इथे लावला की दोष डिकोडरचा की इंजिनाचा, एवढा निकाल लागतो. बाकी काही हा करत नाही, पण तेवढ्यासाठीच तर आपण रात्री जागवतो.

परवा मित्राने सेकंडहँड घेतलेलं वाफेचं इंजिन आणून दिलं, ४४७२ फ्लाइंग स्कॉट्समन. रुळावर ठेवलं तर दिवा नाही, हालचाल नाही. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंगं वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, सीव्ही (डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंगं) वाचायला गेलं की कंट्रोलर म्हणे उत्तर नाही. ‘डिकोडर गेला, नवा मागवतो,’ म्हणत होता. मी डिकोडर टेस्टरवर लावला आणि सीव्ही ८ वाचला. उत्पादकाचा क्रमांक लगेच आला. डिकोडर ठणठणीत.

मग इंजिनात असताना गप्प का? प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डिकोडरला ‘हो’ म्हणायचं असतं तेव्हा तो क्षणभर मोटर चालू करतो. साधारण ६ मिलिसेकंद, निदान ६० मिलिअँपिअर जादा करंट ओढला की कंट्रोलर तो होकार धरतो. मोटरपर्यंत करंटच पोचत नसेल, तर आतून डिकोडर कितीही ‘हो, हो’ म्हणो, बाहेर कळत नाही. मल्टिमीटर मोटरच्या दोन टोकांना लावला, सर्किट तुटलेलं. जुनं तेल घट्ट होऊन कार्बन ब्रश खोबणीतच अडकून बसला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी काडी, संपलं काम.

पण मोटर बंद असली तरी दिवे लागायला हवे होते. त्याचंही उत्तर टेस्टरवरच मिळालं: सीव्ही २९ मध्ये ३८. त्यातले ३२ म्हणजे लांब पत्ता चालू; पत्ता म्हणजे कंट्रोलरने इंजिनाला हाक मारायचा नंबर, आणि लांब पत्ता सीव्ही १७ आणि १८ मध्ये मिळून असतो. सीव्ही १७ मध्ये २०९, सीव्ही १८ मध्ये १२०. २०९ मधून १९२ वजा करा, २५६ ने गुणा, १२० मिळवा: ४४७२! आधीच्या मालकाने इंजिनाच्या अंगावरचाच नंबर पत्ता म्हणून दिला होता, आणि आमचे मित्र कारखान्याच्या ३ नंबरवर हाका मारत होते. सीव्ही ८ मध्ये ८ लिहून रीसेट मारला असता तर पत्ता परत ३ होऊन दिवे लागले असते म्हणा. होकार आला नाही तरी लिहिलेलं बरेचदा आत पोचलेलं असतं. पण कंट्रोलरने चूक दाखवली की कोण पुढे जातं? शिवाय ही रीसेटची रीत सगळ्याच उत्पादकांची नाही.

आता तक्रारी. माझ्या बोर्डावर ८ पिनी सॉकेटची पहिली पिन कुठली, ते इतकं बारीक छापलंय की भिंगाशिवाय दिसत नाही. डिकोडरची नारिंगी तार तिकडे जायला हवी. प्लग उलटा बसला तर सहसा धूर निघत नाही, मोटर उलटी फिरते आणि दिवे लागत नाहीत. नवखा माणूस तेवढ्यावरच डिकोडर बाद ठरवेल. बोर्डाची खालची बाजूही उघडी आहे. तो रुळांवर टेकवलात तर शॉर्ट व्हायचाच, म्हणून मी लाकडी फळीवर स्क्रूने बसवून घेतलाय.

याहून मोठी उणीव अशी की बोर्डावरची मोटर अगदी हलकी आहे. चढावर दहा डबे ओढताना दगा देणारा डिकोडर इथे छान पास होतो. आणि ‘पास’ दिसला की लोक तो तसाच इंजिनात परत कोंबतात. मोटरचं एखादं टोक चॅसीला किंवा चाकांकडून येणाऱ्या तारेला चिकटलेलं असेल, तर रुळाचा करंट थेट डिकोडरच्या मोटर आउटपुटमध्ये शिरतो आणि चांगला डिकोडर जळतो. हे टेस्टरला दिसणं शक्य नाही. डिकोडर बाहेर आहे तोवर मोटरच्या दोन्ही टोकांपासून चॅसीपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत मल्टिमीटर लावायचा. कुठेही जोड दाखवता कामा नये. मित्राच्या इंजिनात नव्हता, म्हणून त्याच संध्याकाळी ते धावलं.

टेस्टर नको असेल तर भंगार इंजिनाची चालती मोटर आणि एक सुटं ८ पिनी सॉकेट एकमेकांना सोल्डर करून ठेवा. एलईडी नाहीत, स्पीकर नाही, पण ‘उत्तर नाही’ खरं की खोटं, ते तेवढ्यावर कळतं.