एच अँड एन फिनाले मॅच छर्रे, एअर पिस्तूलसाठी: तीन साइज मारून बघितले

१० मीटर एअर पिस्तूल मारणाऱ्यांसाठी लिहायलोय, त्यातही जालना, परभणी, बीड, नांदेडकडच्या लोकांसाठी, कारण आपल्याकडं छर्रा हातात घेऊन निवडून घ्यावा असं दुकान शोधून सापडत नाही, कुरियरनं जो डबा येईल तोच मारायचा अशी गत. सहा वर्षं झाली मला मारून, आणि त्यातली पाच वर्षं मी छर्ऱ्याकडं कधी नीट बघितलंच नाही. स्टान्स, ग्रिप, ट्रिगर, श्वास ह्याच्यावर मर मर मेहनत केली आणि छर्रे मात्र जे स्वस्त ते.

मागच्या उन्हाळ्यात स्कोअर ५४५ वर अडकला तो हलेचना. ६० शॉट, ६०० पैकी. प्रत्येक सिरीजला, म्हणजे दहा शॉटमागं, एक-दोन शॉट असे की साइट सरळ, ट्रिगर मऊ सुटलेला, मन म्हणतंय दहा, आणि बघावं तर नऊ, कधी आठ सुद्धा. रात्री झोप लागायची नाही त्या शॉटच्या विचारानं. मनगट कमजोर पडलं म्हणून डंबेल घेतले, महिनाभर रोज पिस्तूल धरून भिंतीसमोर उभा राहिलो, तरी तेच.

मग एका रविवारी संभाजीनगरला रेंजवर गेलो तेव्हा सरांनी विचारलं, "छर्रे कोणते मारायलास?" सांगितलं. म्हणले, "डबा पालथा कर इथं." पांढऱ्या कागदावर सगळे ओतले आणि सरांनी एकेक उभा करून दाखवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, छर्ऱ्याला डोकं असतं, मधी बारीक कंबर आणि मागं पोकळ घेर, परकरासारखा. हवेचा दाब मागून त्या घेरात शिरतो, घेर फुलून बॅरलला, म्हणजे नळीला, चिकटतो आणि छर्रा रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचा, धरून फिरत बाहेर पडतो. आता तो घेरच एका बाजूनं चेपला असला तर हवा एकीकडून निसटते आणि छर्रा निघतानाच तिरका होतो. माझ्या डब्यातल्या दर दहातल्या दोन-तीन छर्ऱ्यांचा घेर चेपलेला होता, काहींच्या कडेला शिशाची बारीक कुसळं, एकाचं तर डोकंच कलतं. डबा ऑनलाइन मागवला होता, विकणाऱ्यानं नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाठवला, वाटेत किती आदळला देव जाणे, आणि फोन केला तर म्हणे उघडलेला माल परत घेत नाही. न उघडता चेपलाय हे कळणार तरी कसं?

आता हिशोब बघा. एअर पिस्तूलच्या टार्गेटला दहाचं वर्तुळ साडेअकरा एमएमचं, छर्रा साडेचार एमएमचा, आणि भोक रेषेला नुसतं शिवलं तरी वरचा पॉइंट मिळतो. म्हणजे भोकाचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ एमएमच्या आत पडला की दहा. माझा हात तेवढं धरत होता. पण वाकड्या छर्ऱ्यानं वरून अजून एक सेंटीमीटर सरकवला तर नऊ ठरलेलाच, आणि हात जरा जास्त हलला असला त्याच शॉटला तर आठ. आणि आपण बसतो मनगटाला दोष देत.

त्या दिवसापासून ठरवलं की छर्रा नीट बघूनच घ्यायचा. सरांच्या सांगण्यावरून एच अँड एनचा फिनाले मॅच मागवला, जर्मन माल, पिस्तूलवाला म्हणजे वजनानं हलका. ह्यात ०.५३ ग्रॅमचा हेवी पण येतो पण तो रायफलवाल्यांचा, घेताना डब्यावर बघून घ्या. डोक्याची साइज तीन मिळते, ४.४९, ४.५० आणि ४.५१. एका एमएमच्या शंभराव्या भागानं काय फरक पडतोय असं मला पण वाटलं होतं, म्हणून ओळखीच्या तीन जणांत मिळून तिन्ही साइजचे डबे घेतले आणि वाटून घेतले. हे जरूर करा, एकट्यानं तिन्ही घेणं परवडत नाही.

डबा उघडल्या उघडल्याच फरक दिसतो. छर्रे एकसारखे मंद चमकणारे, घेर गोल, कड साफ, तळाला शिशाचा चुरा जवळपास नाहीच. काचेच्या टीपॉयवर घरंगळून बघितले, चांगला छर्रा एका लयीत अर्धगोल फिरतो, वाकडा असला की लंगडल्यासारखा अडखळतो. शंभरात एकच अडखळला. मग मित्राच्या सराफी दुकानात जाऊन सोन्याच्या काट्यावर वीस-वीस छर्रे तोलले. जुने स्वस्तातले ०.४६ पासून ०.५५ पर्यंत कुठंही, आणि हे सगळे जवळपास एकाच वजनाचे. मित्र म्हणला आमच्या मण्यांत सुद्धा एवढा सारखेपणा नसतो.

टेस्ट केली नव्या मोंढ्यात मामाच्या आडतीच्या गोदामात, हंगाम नव्हता, जागा रिकामी होती, दाराला आतून कडी, डोळ्याला चष्मा. पेलेट ट्रॅप, म्हणजे टार्गेटमागं छर्रे अडवणारी पेटी, इथल्याच एका वर्कशॉपमधून जाड पत्र्याचा वाकवून घेतलाय, जालन्यात लोखंडाला तोटा नाही. टेबलावर कापडी पिशवीत सोयाबीन भरून त्यावर पिस्तूल टेकवलं, म्हणजे हाताची चूक शक्य तेवढी बाजूला. प्रत्येक साइजचे आधी वीस छर्रे नुसते सोडले, कारण छर्रा बदलला की बॅरलला त्याची सवय व्हायला थोडे शॉट जातात, आणि मग पाच-पाच शॉटची पाच टार्गेटं.

४.४९ चा छर्रा बोटानं ठेवला की सैल आत घसरतो, ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, ठीक पण पाचातला एक शॉट वेगळा बाजूला. ४.५१ ला अंगठ्यानं दाबावं लागतं, माझ्या बॅरलला तो घट्ट जातो, ग्रुप उभा लांबट आला. ४.५० नं मात्र पाचही टार्गेटवर एकच भोक पाडलं, करंगळीच्या नखाएवढं, कडा कात्रीनं कापल्यासारख्या. ती टार्गेटं मी जपून ठेवलीत. जुन्या छर्ऱ्यांचे पाच शॉट त्याच पिशवीवरून दहाच्या बाहेर सांडत होते, म्हणजे हात मधी नसताना सुद्धा नऊ! पण भौ, हे माझ्या बॅरलचं झालं. माझ्याबरोबर ज्यांनी डबे वाटून घेतले त्यांतल्या एकाच्या पिस्तूलला ४.४९ बसला, तेच मॉडेल असून. म्हणून कुणाचं ऐकून साइज घेऊ नका, मारून बघा.

कडा कापल्यासारख्या का येतात तर हा वॉडकटर छर्रा आहे, तोंड सपाट. गोल किंवा टोकदार तोंडाचा छर्रा कागद फाडत, ढकलत जातो, भोक बारीक आणि चिंध्या झालेलं, रेषेला शिवलं का नाही ह्यावर भांडण. सपाट तोंड कागद पंच केल्यासारखा कापतं. ही युक्ती रिव्हॉल्वरवाल्यांची जुनी, .३८ स्पेशल काडतुसामधे १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सपाट शिशाची गोळी टार्गेटसाठी वापरतात, आणि २५ मीटर सेंटर फायर पिस्तूलच्या स्पर्धेला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाची वॉडकटर अजून चालते. मात्र सपाट तोंडाला हवा फार अडवते, त्यामुळं हे छर्रे दहा मीटरचेच, लांबच्या नेमाला घेऊन निराश होऊ नका.

तक्रार एकच, किंमत. साध्या देशी डब्याच्या कितीतरी पट जाते, आणि ५०० चा डबा माझा आठवड्यात संपतो. त्यामुळं मी असं करतो की ट्रिगरचा सराव कोऱ्या कार्डावर साध्या छर्ऱ्यांनी, त्यातले चेपलेले काढून टाकून, आणि स्कोअर मारायचा असला की फिनाले मॅच. ज्यांचं पोरगं नुकतंच सुरू करायलंय, पॅरिसला मनू भाकर आणि स्वप्नील कुसाळेची मेडलं बघून बरेच आलेत, त्यांनी सुरुवातीचे सहा महिने हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोराचा ग्रुप दहा-नऊत यायला लागला की मग घ्या. पण नवीन पिस्तूल घ्यायचा विचार करत असाल तर त्याच्या आधी नक्की घ्या, लाखाच्या पुढचा खर्च कदाचित टळेल.

अजून दोन गोष्टी. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि झाकण घट्ट लावा. आणि शिसं हे विष आहे, छर्रे हाताळून तसंच शेंगदाणे-चिवडा खाणारी पोरं मी रेंजवर बघतो आणि जीव तुटतो, आईबापांनी साबणानं हात धुवायची सवय लावाच, आणि डबा घरातल्या बारक्या लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.

माझा स्कोअर मागच्या महिन्यात ५५८ झाला. सगळं श्रेय छर्ऱ्याला देत नाही, पण आता शॉट नऊत गेला तर तो माझा आहे हे मला कळतं, आणि काय सुधारायचं ते पण कळतं. पुढचे दोन डबे ४.५० चेच मागवलेत, दोन्ही एकाच लॉट नंबरचे द्या आणि खोक्यात कागद कोंबून पाठवा असं विकणाऱ्याला फोनवर दोनदा सांगून.