स्कॉटिश टार्टन नोंदवही: उपयुक्त, पण तारखा जपून वाचाव्यात

'स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स' ही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून चालवली जाणारी ऑनलाइन नोंदवही असून ती कोणालाही विनामूल्य चाळता येते. २००८ मध्ये स्कॉटिश संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती सुरू झाली. हायलंडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातील, प्रत्येक कुळाचे स्वतःचे टार्टन, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्यांचे कापड, शेकडो वर्षे चालत आले आहे, ही समजूत जगभर रूढ आहे. अभ्यासकांनी या समजुतीची कशी चिरफाड केली आणि पुढे त्या चिरफाडीलाही कशी मुरड घातली, हे ठाऊक असणाऱ्याला ही नोंदवही फार उपयोगी पडते. ते ठाऊक नसणाऱ्याची मात्र ती सहज दिशाभूल करू शकते.

वापरायला ती सोपी आहे. नाव, रंग किंवा वर्ग यांवरून शोध घेता येतो. प्रत्येक नोंदीत कापडाचे चित्र, क्रमांक, रचनाकार, टार्टनची तारीख, वर्ग आणि एक टीप असते. कोणत्या रंगाचे किती धागे लागतात ही विणकराच्या कामाची माहिती पाहण्यासाठी खाते उघडावे लागते. मला सर्वांत आवडली ती कायद्यातली टार्टनची व्याख्या: दोन किंवा अधिक रंगांच्या पट्ट्या उभ्या-आडव्या जुळून पुन्हा पुन्हा येणारी चौकटीची, विणता येण्याजोगी रचना. या व्याख्येत कुळाचा उल्लेख नाही, प्राचीनतेचाही नाही. शंभर वर्षांपूर्वी असा कायदा झाला असता, तर त्यात हे दोन्ही शब्द नक्की घुसले असते.

खरी अडचण तारखेच्या रकान्यात आहे. अनेक जुन्या टार्टनांपुढे '१ जानेवारी' आणि एखादे वर्ष दिसते. त्या दिवशी काहीही घडलेले नसते. फक्त वर्ष ठाऊक असल्याने रकाना भरलेला असतो. ते वर्षही बहुधा रचना प्रथम कोणत्या पुस्तकात किंवा नमुनासंग्रहात आढळली त्याचे असते. म्हणूनच १८१९ आणि १८४२ ही वर्षे कशाची आहेत, हे वाचकाला आधीच माहीत असलेले बरे.

१८१५ मध्ये 'हायलंड सोसायटी ऑफ लंडन' या संस्थेने कुळप्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने शिक्क्यानिशी मागवायला सुरुवात केली. त्यावर खुद्द लॉर्ड मॅक्डॉनल्ड यांनी, आपल्या कुळाचे टार्टन नेमके कोणते हे आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा अस्सल नमुना संस्थेनेच मिळवून द्यावा, अशा आशयाचे उत्तर पाठवले. नमुने पुरवण्याची सोय बॅनकबर्नच्या विल्सन या कापड विणणाऱ्या कंपनीकडे तयार होती. तिच्या १८१९ च्या नमुनावहीत काही रचनांना नावे आहेत, तर काहींना नुसते क्रमांक. आज मॅकफर्सन कुळाचे म्हणून मिरवणारे टार्टन या कंपनीकडे आधी ४३ क्रमांकाने आणि 'किड' या नावाने विकले जात होते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताचा हायलंडी थाट उभा केला आणि मागणी आणखी वाढली.

१८४२ हे वर्ष 'व्हेस्टियारियम स्कॉटिकम' या ग्रंथाचे. आपण १७४५ च्या हायलंडी बंडाचा नेता प्रिन्स चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याचे नातू आहोत, असे सांगणाऱ्या दोन भावांनी सोळाव्या शतकातील हस्तलिखिताच्या आधारे म्हणून ७५ टार्टने त्यात छापली. स्कॉट यांनी १८२९ मध्येच या हस्तलिखितावर अविश्वास दाखवला होता, तरीही पुढच्या कित्येक पिढ्यांचे संग्राहक त्यातून उतरवून घेत राहिले. ते बंड मोडल्यावर १७४६ ते १७८२ या काळात हायलंडी पोशाखावर बंदी होती, त्यामुळे जुने पुरावे नष्ट झाले, हे स्पष्टीकरण सोयीचे होते. अखेर १९८० मध्ये डी. सी. स्टुअर्ट आणि जे. चार्ल्स थॉम्पसन यांच्या ग्रंथाने ही बनावट तपशीलवार उलगडून दाखवली. वॉलेस घराण्याचे टार्टन 'व्हेस्टियारियम'मधूनच आले. पिवळ्या जमिनीवर काळ्या पट्ट्यांचे मॅक्लाउडचे भडक टार्टनही त्यातलेच. टीपेत या ग्रंथाचे नाव दिसले, की आपल्याकडे भाटाने लिहून दिलेली वंशावळ ज्या सावधपणाने वाचतात, तोच सावधपणा येथेही बाळगावा.

१९८३ मध्ये इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी हा सारा हायलंडी थाटच अलीकडचा बनाव असल्याचे मांडले. त्यांचा निबंध वाचायला चुरचुरीत आहे, आणि मला वाटते त्यामुळेच तो गरजेपेक्षा जास्त खरा मानला गेला. चौकड्यांचे कापड तेथे जुनेच आहे. हायलंडमधील ग्लेन अफ्रिक खोऱ्याच्या दलदलीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलेला तुकडा रंगांच्या आणि कार्बन-कालमापनाच्या चाचण्यांनंतर बहुधा १५०० ते १६०० च्या दरम्यानचा ठरला. हा निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाला. कापडाच्या नक्षीवरून माणूस कोणत्या भागातला ते ओळखता येते, असे स्कॉटिश लेखक मार्टिन मार्टिन यांनी १७०३ मध्येच लिहून ठेवले होते. म्हणजे ओळख होती, पण कुळाऐवजी मुलखाची. १७०४ मध्ये ग्रँट कुळाच्या प्रमुखाने आपल्या माणसांना तांबड्या-हिरव्या टार्टनचे कपडे करण्याचा हुकूम दिला. मात्र काही वर्षांतच रिचर्ड वेट यांनी काढलेल्या ग्रँट मंडळींच्या चित्रांत टार्टने एकमेकांशी जुळत नाहीत. आजचे अभ्यासक 'खरे की खोटे' असा एकच निवाडा देण्याऐवजी धागे, रंगद्रव्ये, विणकरांच्या वह्या आणि चित्रे एकत्र ठेवून एकेका रचनेचा माग काढतात.

नोंदवहीत या बदलाचे प्रतिबिंब अर्धेच पडले आहे. व्याख्या तटस्थ आहे, टीपाही काही ठिकाणी भरघोस आहेत. पण कित्येक टीपा एका ओळीत आटोपतात. 'कुळ/घराणे' या एकाच वर्गात विणकराच्या वहीतली रचना, बनावट ग्रंथातली रचना आणि विसाव्या शतकात आखलेली रचना शेजारी शेजारी बसतात. पुराव्याचा प्रकार सांगणारा एक जादा रकाना असता, तर हा घोळ बराच कमी झाला असता. एडिनबर्गच्या स्मरणवस्तूंच्या दुकानांत आडनावांचे तक्ते टांगलेले असतात. त्यावरून 'आपले' टार्टन विकत घेण्याआधी येथे पाच मिनिटे घालवणे केव्हाही हिताचे.

नवे टार्टन नोंदवायचे असल्यास शुल्क ७० पौंड आहे. अर्जासोबत धाग्यांची मोजणी आणि नावाशी असलेला संबंध द्यावा लागतो. नोंदणीमुळे रचनेवर मालकी हक्क मिळत नाही, त्यामुळे व्यवसायासाठी रचना करणाऱ्यांनी त्याची कायदेशीर व्यवस्था स्वतंत्रपणे करावी.